लोणचं आणि वाळवण (खान्देशातलं आणि इतर ठिकाणचं)

हंगामात ढीगभर मिळणारी गोष्ट हंगाम सरल्यावरही खाता यावी म्हणून तिच्यातलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर ते पाणी असं अडकवून ठेवायचं की जंतूंना त्याचा उपयोग होऊ नये, याला लोणचं-वाळवण म्हणतात. जगभर याचे शेकडो प्रकार आहेत पण सगळी भानगड पाण्याचीच. खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, हे कोणी पुस्तकात वाचून शिकत नाही, आजीच्या ओरडण्यातून शिकतं: "ओला हात घालू नको रे बरणीत!" लोणचं हा शब्द लवणावरून आलाय, लवण म्हणजे मीठ, हिंदीतला अचार फारसीतून आलेला. वाळवण म्हणजे काय ते शब्दातच आहे.

खान्देशाकडे मीठ नाही, समुद्र लांब, बर्फ तर सोडाच. जे आहे ते ऊन. अहिराणीत ळ चा य होतो म्हणून उन्हाळ्याला उन्हाया म्हणतात आणि हा उन्हाया जळगाव-भुसावळकडे ४४-४५ अंशांना सहज जातो, वर हवा कोरडीठाक. कपडे तासाभरात कडक होतात तिथे पापडाची काय कथा. बुरशीला धरायला वेळ लागतो आणि हे ऊन तिला तो वेळच देत नाही, म्हणून इकडे वाळवण आधी आणि लोणचं नंतर, मानाने पण आणि कॅलेंडरनेही. होळी झाली की गच्च्यांवर जुन्या साड्या, धोतरं, आता प्लास्टिकचे कागद अंथरले जातात आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बराचसा माल डब्यात गेलेला असतो. आखाजीला लेकी माहेरी येतात आणि जाताना त्यातलाच वाटा घेऊन जातात.

या वाळवणातलं खास खान्देशी काय म्हणाल तर ज्वारीचे बिबडे. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, आंबट वास यायला लागला की धुवून, सुकवून दळायची, मग आधणाच्या पाण्यात पीठ घालून मोठ्या पातेल्यात शिजवायचं, त्यात तीळ, जिरं, लसूण, मिरची. हा घाटा ढवळणं हे दोन बायकांचं काम आहे, एकटीचे हात भरून येतात, आणि पहाटे चारला सुरू केलं नाही तर ऊन वर आल्यावर चुलीजवळ उभं राहवत नाही. गरम गरम घाटा ओल्या फडक्यावर हाताने थापून गोल पसरायचा. (ओला हात चालतो असं हे एकच काम, आणि तेही सगळं वाळणार आहे म्हणून.) पोरं घाटा वाटीत घेऊन वर कच्चं तेल टाकून खातात, माझ्या मते वाळलेल्या बिबड्यापेक्षा तोच भारी लागतो. बाकी गव्हाच्या चिकाच्या कुरडया, शेवया, उडदाचे आणि नागलीचे पापड, मुगाच्या वड्या हे सगळीकडे होतं तसं इथेही होतं.

बिबड्याच्या ज्वारीला जो आंबटपणा येतो तो लॅक्टिक ॲसिड करणाऱ्या जिवाणूंमुळे, आणि हीच मंडळी कोरियात किमची आणि जर्मनीत सॉवरक्राउट करतात. कोबीला वजनाच्या दोन-तीन टक्के मीठ चोळलं की तिचंच पाणी सुटतं, त्या खारट पाण्यात सडवणारे जंतू मागे पडतात आणि लॅक्टिकवाले पुढे जातात, मग आंबटपणा इतका वाढतो की दुसरं कोणी तिथे टिकत नाही. पण याला गारवा लागतो, साधारण २० अंशांच्या आसपास बरं. कोरियात किमचीची मातीची भांडी जमिनीत पुरून ठेवायचे ते याचसाठी, आणि हिवाळ्यापूर्वी सगळ्यांनी मिळून किमची घालायच्या प्रथेला, किमजांगला, २०१३ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. वैशाखात धुळ्यात कोबीचं असं काही करायला गेलात तर चार दिवसांत लगदा होईल आणि शेजारी विचारायला येतील काय मेलंय म्हणून. म्हणूनच आपल्याकडे आंबवणं दोन-तीन दिवसांचं आणि पुढचं काम उन्हाचं.

सॉवरक्राउटवरून आठवलं, इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकने १७६८ च्या सफरीत ते जहाजावर भरून नेलं होतं, स्कर्व्ही (क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा रोग) होऊ नये म्हणून, पण खलाशी तोंड लावेनात. मग त्याने ते रोज ऑफिसरांच्या टेबलावर ठेवायला लावलं आणि खलाशांना म्हणाला तुमची इच्छा असेल तर घ्या, लगेच मागणी एवढी वाढली की मोजून द्यायची वेळ आली. पंगतीत हे कोणालाही नवीन नाही.

नुसत्या उन्हावर न विसंबताही वाळवता येतं हे अँडीज पर्वतातल्या लोकांनी दाखवलं. तिथे रात्री कडाक्याची थंडी आणि दिवसा ऊन, म्हणून बटाटे रात्री उघड्यावर गोठवतात, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढतात, असं काही दिवस केलं की हलका दगडासारखा चुन्यो तयार होतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. नॉर्वेत लोफोटेन बेटांवर कॉड मासा मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगतात, फेब्रुवारी ते मेपर्यंत, थंड वारा त्याला वाळवतो. ज्याच्या गावात जे फुकट त्याचं त्याने वाळवण केलं.

नंदुरबारला वाळवण घराबाहेर पडून व्यापार झालं. हंगामात शहराच्या आजूबाजूला मिरचीच्या पथाऱ्या लागतात, शेतातून आलेली ओली लाल मिरची मोकळ्या जमिनीवर पसरतात, लांबून बघितलं तर जमिनीवर लाल रंग सांडलाय असं वाटतं, आणि जवळ गेलं की आधी खोकला येतो. काम करणाऱ्या बाया तोंडाला फडकं बांधून दिवसभर मिरची उलटवतात, निवडतात. अवकाळी पाऊस आला की पथारीवरची मिरची भिजते, काळी पडते, भाव जातो. तसंच सातपुड्यात, धडगाव-मोलगीकडे, आदिवासी घरांमध्ये कच्चे आंबे सोलून चिरून वाळवतात, त्याचा आमचूर होऊन बाजारात जातो, जेवढा पांढरा तेवढा भाव चांगला. हे काम कुटुंबं कुटुंबं करतात, म्हातारीपासून पोरांपर्यंत, आणि मोहाची फुलं वाळवायचं कामही त्याच उन्हाळ्यातलं. एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटतं, रावेर-यावलला केळीचा एवढा पूर असतो तरी वाळवलेल्या केळ्याचं नाव वसईच्या सुकेळीचं, आपल्याकडचं केळं कच्चंच ट्रकात चढतं नाहीतर वेफर्स होऊन तळलं जातं.

आता लोणचं. कैरीची कोय धरली, म्हणजे आतली बाठ कडक झाली, की ती लोणच्याची, त्याआधी घातलं तर फोडी मऊ पडतात. बाजारात मोठा अडकित्ता घेऊन बसलेला माणूस किलोवर पैसे घेऊन फोडून देतो. फोडी धुवून, पुसून, सावलीत कोरड्या करायच्या, मग किलोमागे साधारण १५० ते २०० ग्रॅम मीठ, हळद, मेथ्या, हिंग, तिखट आणि मोहरीची डाळ. मीठ फोडींतलं पाणी ओढून काढतं, त्याचाच खार होतो. मोहरी नुसती चवीला नसते, तिचे दाणे फुटून ओल लागली की त्यातून जो नाकात जाणारा झणका सुटतो तो जंतूंनाही झोंबतो, बुरशीलाही. म्हणून फोडणीचं तेल पूर्ण गार करूनच ओतायचं, कारण गरम तेलात हा झणका तयारच होत नाही. तेल वर तरंगायला हवं, फोड उघडी राहिली तर हवा लागून तिथे पांढरी बुरशी धरते. इकडे बहुतेक घरांत तेल शेंगदाण्याचं. चिनीमातीची बरणी, तोंडाला दादरा बांधलेला, आणि हात कोरडा.

तेलाखाली हवा नाही म्हणजे धोका संपला असं नाही. बोट्युलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) जंतू उलटा हवा नसलेलीच जागा शोधतो, पण पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जेवढा कमी तेवढं आंबट), ४.६ च्या खाली असलं की तो वाढत नाही, आणि कैरी त्याच्या बऱ्याच खाली असते. म्हणून कैरीचं, लिंबाचं लोणचं एवढी वर्षं बिनधास्त चाललं. नुसता ओला लसूण तेलात बुडवून दिवसेंदिवस बाहेर ठेवणं मात्र खरंच धोक्याचं आहे, तिथे नुसतं लिंबू पिळून भागत नाही, फ्रीजमध्येच ठेवून लवकर संपवायचं.

आपल्या लोणच्याचा सगळ्यात जवळचा भाऊ मला जपानचा उमेबोशी वाटतो. जूनमध्ये, पावसाच्या दिवसात, आंबट उमे फळं १८-२० टक्के मिठात घालतात, आणि पाऊस संपला की दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवतात. क्रम उलटा, आपल्याकडे ऊन आधी आणि पाऊस नंतर, म्हणून आपल्याला तेल लागलं, नाहीतर आषाढातली दमट हवा बरणीत शिरली असती. कोकणात अख्ख्या कैऱ्या मिठाच्या पाण्यात घालून ठेवतात, आपल्याकडे कोरडं ऊन हातात असताना तेवढं मीठ कोण खर्च करेल.

डबाबंद अन्न हा या सगळ्यातला उशिरा आलेला पाहुणा. फ्रान्समध्ये निकोला अपेरने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बूच लावून, उकळून टिकवलं आणि १८१० मध्ये सरकारकडून १२,००० फ्रँक मिळवले, पण का टिकतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं, ते पाश्चरने पुढे पन्नासेक वर्षांनी उलगडलं. पत्र्याचे डबे आले तेव्हा ते छिन्नी-हातोड्याने फोडावे लागत. जळगावला जैन इरिगेशनचा कांदा वाळवून विकायचा मोठा उद्योग आहे, ते पण शेवटी पाणीच काढतात, फक्त ऊन बॉयलरचं.

आमच्या घरी एका वर्षी बरणी गेली ती माझ्यामुळे. वरणाचा चमचा तसाच आत घातला होता आणि कबूल केलं नव्हतं. आठ दिवसांनी वर पांढरा थर. वरचा भाग काढून टाकला, तेल तापवून गार करून परत ओतलं, तरी खालच्या फोडींना वास लागलाच होता, पूर्ण बरणी ओतावी लागली.

हल्ली कुरडया-पापड बचतगटांकडून किलोवर येतात, साच्याला मोटर बसलीय, आणि पुण्याच्या सोसायटीत गच्चीला कुलूप असतं. त्यामुळे मे संपत आला की जळगाव-भुसावळहून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये सीटखाली बिबड्यांचे पत्र्याचे डबे आणि दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेल्या बरण्या दिसतात, आणि कितीही गुंडाळलं तरी मनमाडपर्यंत एकीतून तरी तेल झिरपतंच.