दुरावा : ना काडी, ना कागद

नाते तुटल्याचे सांगणाऱ्या जुन्या मराठी शब्दांत बहुधा एखादी वस्तू असते. काडीमोडीत काडी, सोडचिठ्ठीत चिठ्ठी. फारकत म्हणजे मूळची फारखत : फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे लेखी कागद. देणे फिटले की सावकार ती लिहून देई. 'फरक'शी तिचे नाते जोडणे कानाला बरे वाटते, इतकेच.

दुराव्यात हातात धरण्यासारखे काही नाही. 'दूर'वरून दुरावणे, त्यावरून दुरावा. ओलावा, गारवा यांच्या पंगतीतले नाम. फारकत घेतात, दुरावा मात्र येतो, वाढतो. त्याला कर्ता लागत नाही. (दूरचा, दूरवर यांत दीर्घ 'दू' असला तरी दुरून आणि दुरावा यांत तो ऱ्हस्वच.) अबोलाही वेगळा. अबोल्यात मुलाकरवी निरोप तरी जातो, 'बाबांना सांग, पान वाढलंय'. दुराव्यात बोलणे चालूच असते : दूध संपलंय, सिलिंडरचा नंबर लावला का.

खरा घोळ घटस्फोटाचा. आज तो नवराबायकोपुरता उरला, पण धर्मशास्त्रात तो पतिताला नातलगांतून बाहेर काढण्याचा विधी. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचे वर्णन येते. माणूस जिवंत असतानाच आप्तांनी मेलेल्याला द्यावे तसे त्याला पाणी द्यायचे, दासीने पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडायचा, एक अहोरात्र सुतक पाळायचे. मग त्याच्याशी बोलणे बंद, शेजारी बसणे बंद, वारसाहक्कही बंद. गंमत म्हणजे परतीची वाटही तिथेच दिली आहे. प्रायश्चित्त झाले की सर्वांनी त्याच्यासोबत पवित्र जलाशयात न्हायचे आणि नवा घडा त्या पाण्यात टाकायचा. बहिष्काराचा हा शब्द संसार मोडण्याला चिकटला, हे मला कधीच पटलेले नाही. हिंदीत कायद्यापुरता निदान विवाह-विच्छेद आहे. मराठीत मुंबई प्रांताचा १९४७ चा कायदा असो की १९५५ चा हिंदू विवाह कायदा, बोलताना घडाच फुटतो.

कायद्याला बराच काळ दोषी हवा होता : व्यभिचार, क्रौर्य, परित्याग. १९७६ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीची वाट उघडली, पण त्याआधी वर्षभर वेगळे राहण्याची अट घातली. वेगळे म्हणजे किती वेगळे, हा प्रश्न १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. उत्तर असे की जागेचा संबंध नाही. एका छपराखाली राहूनही दोघे पतिपत्नी म्हणून नांदत नसतील तर ते वेगळेच. दुराव्याची याहून नेमकी व्याख्या शब्दकोशातही सापडणार नाही. २०२३ मध्ये घटनापीठाने आणखी एक पाऊल टाकले. सावरण्यापलीकडे मोडलेला विवाह आपल्या विशेषाधिकारात संपवता येतो, असे त्याने ठरवले. हा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. दोघांची संमती नसेल तर कौटुंबिक न्यायालयात अर्ज करताना आजही कायद्यातले एखादे कारण दाखवावे लागते, आणि त्या यादीत दुरावा नाही.