रिमोट घेताना दार कुणाच्या बाजूने उघडतं?

मागच्या पावसाळ्यात कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये गेलो होतो. तक्रार अशी की अकौंटच्या सिस्टमचं लॉगिन मधूनमधून अडकतं. पासवर्ड बरोबर टाकला तरी ‘खातं लॉक झालंय’ असं येतं, आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू होतं. मालकांच्या पुतण्याने यूट्यूबवर बघून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे बाहेरून थेट आत यायची वाट, करून दिलं होतं. त्यामुळे मालक रात्री जेवण झाल्यावर राजारामपुरीतल्या घरातून रिमोट घेऊन, म्हणजे दूर बसून दुकानातलाच संगणक चालवून, टॅली उघडून येणं-देणं बघायचे. सगळं झकास चाललं होतं.

मी इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिक्युरिटीच्या नोंदी लावल्या. 4625, 4625, 4625. फसलेल्या लॉगिनचा हा विंडोजमधला क्रमांक. दर दोन-तीन सेकंदांना एक नोंद, समोर नावं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, टेस्ट, युजर, आणि पुन:पुन्हा अ‍ॅडमिन. माउसचं चाक फिरवत राहिलो, नोंदी संपेनात. मालक मागे येऊन उभे राहिले. “कोण करालंय हे? आपल्यातलाच कोण हाय का?”

“माणूस कोणीच नाही मालक,” मी म्हटलं, “मशीन आहे.”

अकौंटच्या त्या सिस्टमवरच्या खात्याचं नावही अ‍ॅडमिनच होतं. विंडोज 11च्या नव्या आवृत्त्यांमध्ये दहा वेळा पासवर्ड चुकला की खातं दहा मिनिटं बंद होतं. बाहेरचं कुणीतरी दिवसरात्र चुकीचे पासवर्ड मारत होतं आणि शिक्षा आत बसलेल्या अकौंटंट मॅडमना होत होती.

हे समजायला रिमोट घेताना घडतं काय, ते बघावं लागेल. तिकडचा संगणक जागचा हलत नाही, टॅलीचा डेटाही तिथेच राहतो. तिकडून येतं पडद्याचं चित्र, इकडून जातात दाबलेल्या कळा आणि माउसच्या हालचाली. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत जन्मलेलं व्हीएनसी घ्या, मायक्रोसॉफ्टने 1998 साली विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत आणलेलं आरडीपी घ्या, नाहीतर आजचं एनीडेस्क. रिमोटची ही सगळी साधनं, मूळ कल्पना एकच.

चित्र अख्खं पाठवायचं म्हटलं तर हिशेब जमत नाही. 1920 गुणिले 1080 ठिपके आणि दर ठिपक्याला 3 बाइट, म्हणजे एक चित्र साधारण 62 लाख बाइटचं. सेकंदाला अशी 30 चित्रं धरली तर 1500 मेगाबिटची लाइन लागेल. आपल्याकडे फायबर असतं 100चं. म्हणून सॉफ्टवेअर पडद्याचा बदललेला तेवढाच तुकडा दाबून पाठवतं. टॅलीत एका ओळीतला आकडा बदलला तर तेवढीच पट्टी येते, त्यामुळे टॅली पळते. त्याच रिमोटमधून सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग लावा, दर क्षणाला अख्खा पडदा बदलतो आणि चित्र अडखळतं. तिथे लाइनला दोष देऊन उपयोग नाही.

कळ दाबल्यावर अक्षर उशिरा उमटतं, हे दुखणं मात्र वेगळं आहे आणि मोठा प्लॅन घेऊन ते बरं होत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. कोल्हापूरहून पुणे 230 किलोमीटर. जाऊन येऊन सव्वादोन मिलिसेकंद, वाटेतल्या यंत्रांचा वेळ वेगळा. पण दोन्ही संगणकांना जोडून देणारा मधला सर्व्हर युरोपात असेल तर सात हजार किलोमीटर तिकडे, तेवढेच परत. प्रकाशालाच 70 मिलिसेकंद लागतात, आणि तारा काही सरळ रेषेत टाकलेल्या नसतात. उद्यमनगरातून राजारामपुरीत जाणारं अक्षर कधीकधी समुद्र ओलांडून येतं ते असं.

आता दाराकडे येऊ. तुमचा राउटर रखवालदारासारखा आहे. आतून कुणी चहा सांगितला असेल तर तो चहावाल्याला आत सोडतो, न सांगता आलेल्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावतो. पोर्ट फॉरवर्ड करणं म्हणजे त्या रखवालदाराला कायमचं सांगून ठेवणं, की 3389 म्हणत जो कोणी येईल त्याला थेट अकौंटच्या टेबलाशी नेऊन बसव. 3389 हा आरडीपीचा ठरलेला पोर्ट, म्हणजे संगणकावरच्या त्याच्या दाराचा क्रमांक. हा निरोप मालकांसाठी दिला होता, पण रखवालदार तोंड बघत नाही.

आणि येणारे मशीनच्या वेगाने येतात. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवरचे घरक्रमांक, जगात जेमतेम 429 कोटी. 2013 साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन केलं. त्यातून एका साध्या संगणकावरून, गिगाबिटच्या लाइनवर, या सगळ्या पत्त्यांवरचं एखादं पोर्ट पाऊण तासात ठोठावून होतं. म्हणून “आम्हाला कोण ओळखतंय, छोटं दुकान आमचं” या बोलण्याला अर्थ नाही. ओळखून येतच नाहीत ते, ओळीने येतात. काहीजण 3389 बदलून 33890 करतात. त्याने नोंदी काही दिवस कमी होतात खऱ्या, पण पोर्ट एकूण 65,535 आणि ठोठावणाऱ्याला घाई नसते.

पासवर्ड मजबूत असला की झालं, असंही नाही. मे 2019 मध्ये जुन्या विंडोजच्या आरडीपीत ब्लूकीप नावाचं भोक सापडलं. त्यातून शिरायला पासवर्ड लागतच नव्हता. मायक्रोसॉफ्टने 2014 मध्येच आधार काढून घेतलेल्या एक्सपीसाठीसुद्धा तेव्हा खास दुरुस्ती सोडली, यावरून काय ते समजा. आपल्या कारखान्यांत एखाद्या जुन्या सीएनसीच्या किंवा वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरसाठी सांभाळून ठेवलेला विंडोज 7चा डबा असतोच. तो नेटला लावू नका, एवढंच माझं हात जोडून सांगणं.

मग एनीडेस्क, टीमव्ह्यूअर राउटरला हात न लावता कसे चालतात? तिथे दोन्ही संगणक आतून बाहेर जातात आणि मधल्या सर्व्हरवर भेटतात. दोघांचेही रखवालदार गप्प, कारण दोघांनीही चहा आतूनच सांगितला आहे. सोय मोठी आहे, आणि भामट्यांच्या कामी येते तीही हीच. “बँकेतून बोलतोय, अ‍ॅप टाका, आलेला नंबर सांगा” म्हणणाऱ्याला तो नंबर दिला आणि परवानगीचं बटण दाबलं, की दार तुम्हीच आतून उघडलेलं असतं. मोबाइलवर आलेला ओटीपी त्याला तुमच्याइतकाच दिसतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना याबद्दल सावध केलं होतं. असं घडलंच तर आधी नेट बंद करा आणि लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

दाराची ही दिशा लक्षात ठेवली की बिघाड शोधणंही सोपं जातं. गोकुळ शिरगावात एका ठिकाणी मी पोर्ट फॉरवर्डपायी अख्खी दुपार घालवली आहे. राउटरमध्ये सगळं बरोबर, तरी बाहेरून काही लागेना. शेवटी राउटरचा बाहेरचा पत्ता बघितला, तो 100.70ने सुरू होत होता. 100.64 ते 100.127 हा पट्टा 2012 साली नेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवला आहे. पत्ते अपुरे, म्हणून कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवते. म्हणजे तुमच्या रखवालदाराच्या पुढे कंपनीचा आणखी एक रखवालदार, आणि त्याला तुमचा निरोप पोचलेलाच नसतो. तिथे राउटरशी झगडू नये, लाइनवाल्याला फोन करावा.

दुसरी खूण ‘नाही’ कशा प्रकारे येतं त्यात असते. जोडणी ताबडतोब नाकारली गेली, तर आनंद माना: तुम्ही बहुतेक संगणकापर्यंत पोचलात, फक्त त्या पोर्टवर कोणी बसलेलं नाही. म्हणजे रिमोटची सेटिंग बंद आहे, नाहीतर ती विंडोजची होम आवृत्ती आहे. होमवर आरडीपी घेताच येत नाही. उलट वीस सेकंद चक्र फिरून वेळ संपली, तर वाटेत फायरवॉल गिळते आहे किंवा तिकडचा संगणक झोपला आहे. पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या साध्या हाकेला, उत्तर आलं नाही म्हणून सिस्टम बंद आहे असं धरू नका. विंडोजची फायरवॉल बऱ्याचदा पिंगलाच उत्तर देऊ देत नाही. विंडोजच्या पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेने थेट पोर्ट तपासावं.

बाकीची कारणं बहुतेक घरगुती. लाईट जाऊन आली, राउटरने पत्ते नव्याने वाटले आणि काल 7 वर असलेली सिस्टम आज 12 वर गेली. राउटरमध्ये तिचा पत्ता राखून ठेवला की हे थांबतं. रोज पिन टाकून संगणक उघडणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्डच आठवत नाही, आणि रिमोटला तोच लागतो. पासवर्ड ठेवलेलाच नसेल तर विंडोज बाहेरून आत घेतच नाही. मदरबोर्डवरचा बटणसेल संपून तारीख मागे गेली असेल तर वेळ जुळत नाही म्हणून जोडणी तुटते. काही रुपयांचा सेल, आणि त्यासाठी फॉरमॅट मारलेल्या सिस्टम मी बघितल्या आहेत.

उद्यमनगरात आणखी एक गंमत होती. साध्या विंडोजवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो. मालकांनी दिवसा कधी घरून लॉगिन केलं की मॅडमच्या पुढ्यातला पडदा लॉक व्हायचा. त्या पासवर्ड टाकायच्या, मग मालक बाहेर फेकले जायचे. दोघंही पुतण्याला फोन करायचे.

तिथे मी 3389चा निरोप राउटरमधून काढून टाकला आणि वायरगार्ड बसवला. हा 2020 मध्ये लिनक्सच्या गाभ्यात सामील झालेला व्हीपीएन, म्हणजे नेटमधून काढलेला कुलूपबंद बोगदा. राउटरमध्ये यालाही एक पोर्ट द्यावा लागतो, पण त्याची वागणूक वेगळी. योग्य किल्लीने सही केलेलं पाकीट आलं नाही तर तो ‘नाही’सुद्धा म्हणत नाही, गप्प बसतो. ठोठावणाऱ्याला तिथे दार आहे की भिंत, तेच कळत नाही. किल्ली 256 बिटांची, ती मालकांच्या लॅपटॉपमध्ये आणि मोबाइलमध्ये. आधी बोगदा जोडायचा, मग त्यातून रिमोट. कंपनीच्या रखवालदारामागे अडकलेल्यांसाठी टेलस्केलसारखी व्यवस्था हाच वायरगार्ड दोन्हीकडून बाहेर काढून जोडून देते. मालकांना वेगळ्या नावाचं खातं दिलं, टॅलीच्या बॅकअपची हार्ड डिस्क कॉपी झाल्यावर काढून कपाटात ठेवायला सांगितली. फायली कुलूपबंद करून पैसे मागणारे, लावून ठेवलेली डिस्कही सोडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन नोंदी पुन्हा उघडल्या. आदल्या संध्याकाळपासून एकच 4625 होता, सकाळी दहाच्या सुमाराचा, त्याच सिस्टमच्या कीबोर्डवरून. मॅडम म्हणाल्या, “माझाच. कॅप्सलॉक राहिला होता.”