राईज बॉल खरंच वर चढतो का?

सांगलीत शिवाजी स्टेडियमवर सॉफ्टबॉलचं पिचिंग, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणं, शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या महिन्यातच राईज बॉल, म्हणजे वर चढतोय असा भासणारा चेंडू, हवा असतो. ड्रॉप (झपकन खाली पडणारा चेंडू) आणि चेंजअप (वेगवान भासवून हळू टाकलेला चेंडू) त्यांना दुय्यम वाटतात. या ओढीचं मूळ नावातच आहे, आणि ते नाव दिशाभूल करतं.

खेळ 1887 मध्ये शिकागोत बंदिस्त जागेत सुरू झाला. पुढे हात पूर्ण गोल फिरवायची विंडमिल पद्धत रुळली आणि पिचर बॅटरवर भारी पडू लागली. महिलांच्या सामन्यात 40 फुटांवरून येणारा वेगवान राईज खेळणं अवघड, धावा आटल्या. म्हणून आधी अमेरिकी महाविद्यालयांत, मग आंतरराष्ट्रीय सामन्यांत पिचर आणि बॅटरमधलं अंतर 43 फूट झालं. माझ्या मते या 3 फुटांचा सर्वांत मोठा फटका राईजलाच बसला.

कारण राईज हवेत वर वळत नाही. चेंडू मांडीजवळून, किंचित वरच्या दिशेनेच सुटतो. उलट्या फिरकीमुळे हवा त्याला थोडं तोलून धरते, पण त्याचं वजन पेलण्याइतकं नाही. तो बॅटरच्या अंदाजापेक्षा कमी पडतो आणि बॅट त्याच्या खालून जाते. ताशी 105 किलोमीटरचा चेंडू सुमारे 0.4 सेकंदात प्लेटवर, म्हणजे बॅटरसमोर, येतो. तेवढ्यात गुरुत्वाकर्षण त्याला पाऊण मीटर ओढतं. शाळकरी मुलीचा वेग 75 धरा, ही ओढ दीड मीटरच्या घरात जाते. मग राईज म्हणून टाकलेला चेंडू छातीच्या उंचीवर आयता मिळतो, आणि बॅटर तो सोडत नाही. ड्रॉपचं उलट आहे: तिथे फिरकी आणि गुरुत्वाकर्षण एकाच बाजूने ओढतात, म्हणून कमी वेगातही तो चालतो.

ड्रॉपवर प्रशिक्षकांची एक हरकत मात्र खरी आहे. ड्रॉपवर फटका जमिनीलगत जातो आणि आपल्याकडच्या खडबडीत मैदानांवर तो कसाही उसळतो. आऊट व्हायची बॅटर बेसवर पोचते. चेंजअपला ही अडचण कमी. हात त्याच वेगाने फिरतो, चेंडू उशिरा येतो आणि बॅट आधीच फिरून गेलेली असते. तरी सरावात त्याच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटंच येतात.

2024 च्या हंगामापासून अमेरिकी महाविद्यालयीन सामन्यांत पिचरला दोन्ही पाय उचलून झेप घ्यायची मुभा मिळाली. चेंडू आणखी पुढून सुटतो आणि राईजला गमावलेलं अंतर थोडं परत मिळतं. आपल्या मुली मोबाईलवर बघतात ते हेच पिचिंग.