धूरविरहित तंबाखू : परवाना नेमका कशाला द्यायचा?

भूतानने २००४ मध्ये तंबाखूच्या विक्रीवर देशभर बंदी घातली, २०१० मध्ये कायदा करून ती अधिक कडक केली आणि २०२१ मध्ये स्वतःहून उठवली. बंदी असताना माल सीमेपलीकडून चोरून येतच होता आणि कोरोनाच्या साथीत याच चोरवाटांनी विषाणूही आत येईल, अशी धास्ती सरकारला वाटू लागली. ‘बंदी टिकत नाही, त्यापेक्षा विक्रीला परवानगी द्या आणि तिचे नियमन करा’ असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण आयतेच मिळाले आहे. मात्र ‘नियमन’ म्हटल्यावर पाकिटातील कोणती गोष्ट मोजायची आणि किती प्रमाणाच्या वर ती अमान्य करायची, हे क्वचितच सांगितले जाते. या वादाचा गाभा मला तिथेच दिसतो.

धूरविरहित, म्हणजे न जाळता तोंडात ठेवून किंवा चघळून वापरला जाणारा तंबाखू माणसात कर्करोग घडवतो याविषयी शास्त्रीय वाद उरलेला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या पदार्थांत ठेवले असून तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंड या तिन्ही ठिकाणच्या कर्करोगांशी त्याचा संबंध मान्य केला आहे. पण हे सगळे पदार्थ सारखेच घातक आहेत, असे मात्र नाही. त्यांच्यातला मुख्य फरक नायट्रोसामाइन या संयुगांमुळे पडतो.

तोडलेल्या हिरव्या पानात ही संयुगे जवळजवळ नसतात. पाने सुकवताना, आंबवताना आणि साठवताना त्यांच्यावरचे जिवाणू पानातील नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि ते नायट्राइट निकोटिनसारख्या अल्कलॉइडांशी (वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त संयुगांशी) संयोग पावून एनएनएन आणि एनएनके ही दोन कुप्रसिद्ध नायट्रोसामाइने तयार होतात. स्वीडनमधील ‘स्नस’ हा ओठाखाली ठेवायचा ओलसर तंबाखू बनवताना तो आंबवत नाहीत. वाफेच्या उष्णतेने तापवतात आणि तयार माल थंड ठेवतात, त्यामुळे जिवाणूंना फारसा वाव राहत नाही. याउलट सुदानमधील ‘तुंबाक’ या तोंडात ठेवायच्या तंबाखूत ग्रॅममागे हजारो मायक्रोग्रॅम नायट्रोसामाइने आढळल्याच्या नोंदी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने सुचवलेली मर्यादा मात्र एनएनएन आणि एनएनके मिळून कोरड्या तंबाखूच्या ग्रॅममागे २ मायक्रोग्रॅम इतकीच आहे. एकाच कायदेशीर नावाखाली मोडणाऱ्या दोन पदार्थांत हजारपटींहून अधिक अंतर असू शकते, ते असे.

दुसरी मोजण्याजोगी गोष्ट आम्लतेची. निकोटिन हा अल्कधर्मी पदार्थ आहे. आम्लधर्मी ओलाव्यात त्याच्या रेणूवर विद्युतभार येतो आणि असा भारित रेणू गालाच्या आतल्या अस्तरातून सहजी पार होत नाही. सामू (पीएच; हा आकडा जितका मोठा तितकी आम्लता कमी) ७ असताना शंभरातील सुमारे ९ रेणू मुक्त, म्हणजे भाररहित असतात, ८ ला जवळपास निम्मे आणि ९ ला नव्वदच्या आसपास. चिमूटभर तंबाखूत चुना मळला की तो ‘लागतो’ याचे कारण हेच. कारखान्यात तेच काम सोडियम कार्बोनेट करते. त्यामुळे पाकिटावर छापलेला एकूण निकोटिनचा आकडा अगदी खरा असूनही फसवा ठरू शकतो. व्यसन किती लवकर जडेल हे त्या आकड्यापेक्षा सामूवर अधिक अवलंबून असते.

नियमनाच्या बाजूने सर्वाधिक सांगितले जाणारे उदाहरण अर्थातच स्वीडनचे. युरोपीय समुदायाने १९९२ मध्ये तोंडात ठेवायच्या तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली. १९९५ मध्ये सदस्य झालेल्या स्वीडनने त्यातून सवलत मिळवली. आज तेथील धूम्रपानाचे प्रमाण युरोपीय संघात सर्वांत कमी गणले जाते. सिगारेटच्या ज्वलनातून निर्माण होणारे विषारी वायू आणि डांबर स्नसमध्ये नसल्याने फुप्फुसे वाचतात, हा युक्तिवाद रास्तच आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये स्नसच्या आठ उत्पादनांना कमी जोखमीचा दावा करण्याची मुभा दिली, तीही ‘सिगारेटऐवजी’ वापरल्यास, या शब्दांत. सगळा भार त्या एका शब्दावर आहे. जिथे सिगारेट सोडून माणसे स्नसकडे वळतात तिथे हिशेब नफ्याचा ठरू शकतो. जिथे सिगारेटला कधी न शिवलेला तरुण तंबाखूचा पहिला अनुभव याच पुडीतून घेतो, तिथे तो निव्वळ तोट्याचा असतो. शिवाय पुडीत सुपारी असेल तर नायट्रोसामाइने कितीही घटवली तरी उपयोग बेताचाच, कारण सुपारी स्वतःच पहिल्या गटातील कर्करोगकारक आहे. स्वीडनचा अनुभव अशा मिश्रणांना लावणे मला सरळसरळ चुकीचे वाटते.

मर्यादा ठरवली तरी ती कधी मोजायची, हा प्रश्न उरतोच. जिवाणू जिवंत असलेला ओलसर तंबाखू उबदार जागी पडून राहिला तर बंद पाकिटातही नायट्रोसामाइने वाढत राहतात, त्यामुळे कारखान्याच्या दारात उत्तीर्ण झालेला नमुना काही महिन्यांनी ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत नापास झालेला असू शकतो. अमेरिकी प्रशासनाने २०१७ मध्ये एनएनएनसाठी कोरड्या तंबाखूच्या ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅमची मर्यादा प्रस्तावित केली तेव्हा ती उत्पादनाच्या दिवसापुरती न ठेवता पाकिटावरील अंतिम मुदतीपर्यंत पाळली जावी, अशी अट घातली होती. ती पाळायची तर आधी पाकिटावर अंतिम मुदत छापावी लागते, साठवणुकीचे तापमान ठरवावे लागते आणि दुकानातून उचललेल्या पुड्या तपासणारी प्रयोगशाळा असावी लागते.