मोरचूद, विळा आणि पिकअपचा पत्रा

पिंपळगाव बसवंतच्या एका गॅरेजमध्ये मामांची पिकअप उभी होती. हौद्याच्या कोपऱ्यात रंगाला वाटाण्याएवढा फोड आलेला. मिस्त्रींनी त्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवून जरासा दाबला, तर तो आरपार गेला. "पत्रा आतून खाल्लाय, मामा," ते म्हणाले.

गाडीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा. रंगाला चरा पडला की तिथे पाण्याचा थेंब बसतो आणि लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून त्यात विरघळू लागतात. हे इलेक्ट्रॉन पाण्यात मुरलेला ऑक्सिजन घेतो. म्हणजे प्रत्येक थेंब ही एक छोटी बॅटरीच, आणि पाणी खारट असेल तर ती आणखी जोरात चालते. तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा व्यापतो, म्हणून रंग खालून फुगतो. फोड दिसेपर्यंत आत बरंच काही झालेलं असतं.

पण मामांच्या हौद्यातच एवढा गंज का? उत्तर त्यांच्या द्राक्षबागेतच आहे. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (निळं कॉपर सल्फेट) आणि चुना यांचं फवारायचं बुरशीनाशक, करताना द्राक्षबागायतदार त्यात लखलखीत विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला की समजायचं, चुना कमी पडला, मोरचूद मोकळं राहिलंय. त्या पात्यावर मोरचुदातलं तांबं लोखंडाकडून इलेक्ट्रॉन घेऊन बसतं आणि तेवढं लोखंड पाण्यात जातं. हौद्यात मोरचुदाचं पाणी सांडलं की पत्र्याचंही हेच होतं. वर, चिकटलेल्या तांब्याशेजारचं लोखंड पुढेही लवकर झिजतं. जे विळ्यावर रोज बघतो ते गाडीत आपल्या लक्षात येत नाही, याची मला फार हळहळ वाटते.

फोडावर नुसता रंग मारणं म्हणजे गंज झाकून ठेवणं. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर घासून पांढरा पत्रा दिसेपर्यंत गंज काढायचा. खळग्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर लावायचं. त्याने गंजाचं काळपट, टिकाऊ लोह फॉस्फेट होतं. मग पत्रा पुसून, वाळवून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. खळगे भरायची लांबी (पुट्टी) त्याच्यावर, कारण उघड्या पत्र्यावर भरलेली लांबी ओल शोषून धरते. भोकच पडलं असेल तर तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करण्याला पर्याय नाही.

जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याला चरा पडला तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. ही पद्धत १८३७ पासूनची. बाकी काम पाण्याचं: फवारणीच्या संध्याकाळीच हौदा धुवायचा, पावसाळ्यात इगतपुरीकडून आल्यावर चाकांवरच्या कमानीतला चिखल काढायचा, दारांखालची निचऱ्याची भोकं काडीने मोकळी ठेवायची. ओल्या गाडीवर कव्हर मात्र घालू नका.

मिस्त्रींनी हौद्यातली रबरी चटई उचलली. फवारणीला आठ दिवस झाले होते. खालचा पत्रा अजून ओला होता, आणि कडेने निळी रेघ.