अध्यापनातील डिजिटल तंत्रज्ञान

विषयाचा आशय, तो शिकवण्याची पद्धत आणि संगणक, मोबाइल, प्रोजेक्टर यांसारखी साधने यांची वर्गात अशी सांगड घालणे, की एरवी वर्गात न जमणारे काम विद्यार्थी स्वतः करू शकतील, यास तंत्रज्ञानाचा अर्थपूर्ण वापर म्हणतात. पुण्या मिश्र आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षण-संशोधकांनी २००६ साली मांडलेला व पुढे ‘टीपॅक’ या नावाने रूढ झालेला आराखडा याच तीन अंगांवर उभा आहे. विषय उत्तम येणाऱ्या आणि संगणकही सफाईने हाताळणाऱ्या शिक्षकाला त्या साधनाने तो विषय कसा शिकवावा हे येतेच असे नाही, हा त्याचा गाभा होय. फळ्यावरचाच मजकूर पडद्यावर दाखवणे ही या वापराची सर्वांत खालची पायरी असून प्रत्यक्षात तीच अधिक आढळते.

कोल्हापूर जिल्ह्यात भूगोल व गणिताच्या तासाला पंचगंगा नदी उत्तम सामग्री पुरवते. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळी प्रशासन फुटांत जाहीर करते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हे आकडे आणि गगनबावडा, राधानगरी येथील पाऊस संगणकावरील तक्त्यात भरून विद्यार्थ्यांनी आलेख काढला, तर शहरात उघडीप असतानाही पाणी का चढते, घाटमाथ्यावरचा पाऊस बंधाऱ्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचा परिणाम कोठे दिसतो, असे प्रश्न त्यांचे त्यांनाच पडू लागतात. पाऊस मिलिमीटरमध्ये आणि पातळी फुटांत असल्याने दोन्ही एकाच मापावर बसत नाहीत, ही अडचणही तेथेच उभी राहते. शिक्षकाने तिचे उत्तर देण्याची घाई करू नये. पहिल्या आठवड्याचा आलेख कागदावरच काढावा. मात्र २०१९ आणि २०२१ चे महापूर शेजारी ठेवून पाहायचे झाल्यास हाताने बिंदू मांडण्यातच तास संपतो, आणि संगणकाची गरज खरी तेथे लागते. पुराची चित्रफीत नुसती दाखवणे हे त्यामानाने सोपे, पण त्यात मुले प्रेक्षकच राहतात.

सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शालेय डिजिटल साहित्याच्या राष्ट्रीय मंचामुळे आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमुळे मराठीतील साहित्य हाताशी आले. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांनी लोकसहभागातून पडदे व प्रोजेक्टरही मिळवले. डोंगराळ तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर मोबाइलला रेंज नसणे आणि ऐन तासाला वीज जाणे या अडचणींवर साहित्य आधी उतरवून ठेवणे हा साधा उपाय आहे. एका मोठ्या पडद्यापेक्षा गटागटाने वापरलेले चार-पाच मोबाइल अधिक उपयोगी पडतात, कारण त्यात आकडे भरणारे, तपासणारे आणि हरकत घेणारे विद्यार्थीच असतात. लेखी परीक्षेत अशा कामाला फारसे स्थान नसल्याने ते बहुधा दहावीच्या आतल्या इयत्तांपुरतेच उरते.