‘लाइन गोठवली आहे’ म्हणजे नेमकं काय गोठवलं आहे?

जनुकीय बदल केलेल्या उंदरांवर काम करणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य सतत असतं : “काळजी नको, ती लाइन गोठवून ठेवली आहे.” लाइन म्हणजे ठरावीक जनुकीय बदल पिढ्यानपिढ्या टिकवलेला उंदरांचा वंश. ऐकणारा निर्धास्त होतो आणि जिवंत उंदरांचे पिंजरे रिकामे केले जातात. टाकीत शुक्राणू आहेत की भ्रूण, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. दोन्ही द्रव नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशांवर असतात, दोन्ही सारख्याच दिसणाऱ्या बारीक स्ट्रॉमध्ये असतात, आणि नोंदवहीत दोन्हींपुढे ‘गोठवलेली’ असा एकच शब्द असतो. फरक कळतो तो लाइन परत हवी असते तेव्हा. तो आधीच कळावा, म्हणून हा लेख.

मुळात गोठवायचं कशासाठी? उंदीर घडवणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. नुकत्याच फलित झालेल्या बीजांडात डीएनए टोचून ट्रान्सजेनिक, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेले, उंदीर 1980च्या सुमारास तयार होऊ लागले. भ्रूणीय मूलपेशींमध्ये नेमकं जनुक हेरून बंद पाडायची पद्धत 1980च्या दशकाच्या शेवटी आली. तिच्यासाठी कापेक्की, एव्हान्स आणि स्मिथीज यांना 2007चं नोबेल मिळालं. 2013पासून क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रामुळे तेच काम काही आठवड्यांत होऊ लागलं. वेळ खातं ते त्यानंतरचं काम. बदल एका शुद्ध वाणात आणायचा तर दहा पिढ्या बॅकक्रॉस करतात, म्हणजे प्रत्येक पिढीतल्या बदलवाल्या उंदराची जोडी पुन्हा त्या शुद्ध वाणाशी लावतात, आणि एका पिढीला तीन महिने धरले तरी अडीच वर्षं जातात. अशी लाइन नुसती जिवंत ठेवायची म्हटली, तर पिढ्यानपिढ्या नवी उत्परिवर्तनं साचत राहतात, एखादा संसर्ग सगळी खोली बाद करू शकतो, आणि कधी संकट बाहेरूनही येतं. 2012मध्ये सँडी वादळाचं पाणी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या तळघरातल्या प्राणिगृहात शिरलं आणि हजारो उंदीर बुडाले. ज्यांच्या लाइन टाकीत किंवा दुसऱ्या कुणाकडे सुरक्षित होत्या, त्यांना पुन्हा उभं राहता आलं.

आधी भ्रूण, कारण इतिहासात तेच आधी आलं. 1972मध्ये व्हिटिंगहॅम, लिबो आणि माझुर यांनी उंदराची भ्रूणं गोठवून, वितळवून, त्यांतून जिवंत पिल्लं मिळवली. (त्याच वर्षी स्वतंत्रपणे हे काम करणारे इयन विल्मट पुढे डॉली मेंढीमुळे जगाला माहीत झाले.) व्हिटिंगहॅम यांच्या गटाची युक्ती सावकाशपणात होती. पेशीत बर्फाचे स्फटिक झाले की पेशी फाटते, म्हणून पेशीतलं पाणी आधी हळूहळू बाहेर पडू द्यायचं. आजही या पद्धतीत स्ट्रॉ उणे 6-7 अंशांवर आला की द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या चिमट्याचं टोक त्याला बाहेरून टेकवतात. टेकवल्या जागी पांढरा ठिपका उमटतो आणि स्ट्रॉभर पसरत जातो. बर्फ भ्रूणाच्या बाहेर धरतो, आत नाही. मग मिनिटाला अर्ध्या अंशाच्या आसपास वेगाने तापमान उतरवत न्यायचं आणि उणे 30च्या पुढे गेलं की थेट नायट्रोजनमध्ये. 1985मध्ये रॉल आणि फाही यांनी उलटा रस्ता दाखवला : संरक्षक द्रव इतका दाट ठेवायचा आणि इतक्या झपाट्याने थंड करायचं, की बर्फ होतच नाही, सगळं काचेसारखं घट्ट होतं. हेच व्हिट्रिफिकेशन.

पद्धत कुठलीही असो, भ्रूणात जनुकांचा आईकडचा संच आहे, वडिलांकडचा आहे आणि पेशीला ऊर्जा पुरवणारी, बीजांडातून येणारी मायटोकॉन्ड्रियाही आहेत. म्हणजे उंदीर पूर्ण आहे, फक्त थांबलेला. वितळवलेली दोन पेशींची भ्रूणं पालक मादीच्या अंडवाहिनीत सोडायची. या मादीची जोडी नसबंदी केलेल्या नराशी लावलेली असते, त्यामुळे तिचं शरीर स्वतःला गर्भार समजत असतं. सकाळी योनीत पांढरी घट्ट गुठळी दिसली की जोडी लागल्याची खूण. एकोणीस-वीस दिवसांनी जी पिल्लं होतात, ती गोठवलेल्या लाइनचीच असतात, आणखी काही करावं लागत नाही.

किंमत मोजावी लागते ती सुरुवातीला. दोनशे ते पाचशे भ्रूणं जमवायला अनेक माद्या, त्यांना संप्रेरकांची दोन इंजेक्शनं, नेमक्या वेळा, आणि बरेच दिवस. शिवाय साठा मोजका असतो. तीनशे भ्रूणं म्हणजे तीनशे संधी, एकदा वापरल्या की संपल्या. आणि नर हेटरोझायगस (दोनांपैकी एकाच प्रतीत बदल असलेला) व मादी साधी, म्हणजे बदल नसलेली असेल, तर त्या तीनशेंपैकी निम्म्याच भ्रूणांत तुमचा बदल असतो. हे नोंदीत लिहायचं हमखास राहून जातं.

शुक्राणूंचं गणित नेमकं याच्या उलट. दोन-तीन नर पुरतात. अधिवृषणाच्या, म्हणजे वृषणालगतच्या शुक्राणू साठवणाऱ्या नळीच्या, शेपटाला कात्रीने बारीक छेद दिला की संरक्षक द्रवात शुक्राणू धुरासारखे पसरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी काम विसरून बघतच राहिलो होतो. हा द्रव म्हणजे रॅफिनोज नावाची साखर आणि साय काढलेलं दूध, आणखी विशेष काही नाही. थेंबभर द्रव स्ट्रॉमध्ये ओढायचा, दहा मिनिटं नायट्रोजनच्या वाफेत टांगायचा, मग बुडवायचा. सकाळी सुरू केलेलं काम जेवणाआधी होतं, आणि एका नराच्या स्ट्रॉंमधून पुढे शेकडो पिल्लं मिळू शकतात.

मग सगळ्यांनी आधीपासून हेच का केलं नाही? उंदराचे शुक्राणू गोठवणं 1990पर्यंत कुणाला नीट जमलंच नव्हतं. जपानी गटांना ते जमलं, तेव्हा नेमका सर्वांत जास्त वापरला जाणारा सी57 ब्लॅक 6 हा वाण दगा देत होता. वितळवलेले शुक्राणू हलत, पण बीजांडं फारशी फलित होत नसत. तोड निघायला 2008 उजाडलं. अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेने संरक्षक द्रवात मोनोथायोग्लिसरॉल हे रसायन मिसळलं, तर जपानमधल्या कुमामोतोच्या टाकेओ-नाकागाता यांनी फलनाआधी शुक्राणू मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन या रसायनात ठेवले. त्यानंतर बहुतेक ठिकाणी शुक्राणू हीच पहिली निवड झाली, आणि खर्च पाहता ती मलाही पटते.

पण शुक्राणूत उंदीर अर्धाच असतो. उरलेला अर्धा वितळवण्याच्या दिवशी ज्या मादीचं बीजांड घ्याल, तिच्याकडून येतो. पुढचे सगळे घोळ इथूनच सुरू होतात.

साधा ट्रान्सजेनिक असेल, एकाच जागी बसलेलं एक जनुक, तर अडचण नाही. साध्या मादीची बीजांडं घ्या, निम्म्या पिल्लांत ते जनुक मिळेल, काम सुरू. नॉकआउट, म्हणजे जनुक बंद पाडलेली लाइन असेल तर नर होमोझायगस (दोन्ही प्रतींत बदल असलेला) असला तरी पहिली पिढी सगळी हेटरोझायगस निघते. त्यांची आपसात जोडी लावली की चारांत एक हवा तसा. दोन जनुकं बंद केलेली लाइन असेल तर सोळांत एक, म्हणजे सरासरी दोन-तीन वेती पाहिल्यावर एखादं पिल्लू. क्रे-लॉक्सची लाइन (लॉक्स खुणांमध्ये धरलेलं, म्हणजे फ्लॉक्स केलेलं जनुक क्रे हे एन्झाइम हव्या त्या पेशींत कापून काढतं), दोन्ही प्रती फ्लॉक्स केलेल्या आणि वर क्रे, अशी असेल तर पहिल्या पिढीनंतरच्या जोडीत आठांत एक. वेळेचा हिशेब मनाला जास्त लागतो. भ्रूणं वितळवली तर तीन आठवड्यांत हवा तो उंदीर हातात. शुक्राणू वितळवले तर आधी तीन आठवडे गर्भ, मग पिल्लं वयात यायला सहा ते आठ आठवडे, पुन्हा तीन आठवडे गर्भ, म्हणजे सगळं सुरळीत गेलं तरी तीन महिने. ज्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचं शेवटचं वर्ष चालू आहे, त्याला हे तीन महिने कुणीतरी आधी सांगायला हवे होते.

जनुकांच्या संख्येपेक्षाही बीजांडाच्या वाणाकडे दुर्लक्ष झालं तर नुकसान मोठं, कारण ते दिसत नाही. सी57 ब्लॅक 6चे ‘जे’ आणि ‘एन’ हे उपवाण 1951मध्ये वेगळे झाले. ‘जे’मध्ये एनएनटी या मायटोकॉन्ड्रियातल्या एन्झाइमच्या जनुकाचा तुकडा गळालेला आहे आणि त्याचा ग्लुकोजच्या चयापचयावर परिणाम होतो. ‘एन’मध्ये दृष्टिपटल बिघडवणारं आरडी8 हे उत्परिवर्तन आहे. आता ‘जे’ नराचे शुक्राणू हाताशी असलेल्या ‘एन’ मादीच्या बीजांडांशी मिसळले, तर पिल्लं काळीच होणार, जीनोटायपिंगमध्ये, म्हणजे पिल्लांच्या डीएनए तपासणीत, तुमचा बदलही बरोबर दिसणार, आणि दुसऱ्या पिढीत मधुमेहाच्या प्रयोगाचे आकडे भावंडाभावंडांत विनाकारण विखुरलेले येणार. जॅक्सन प्रयोगशाळा आपला मूळ ‘जे’ वाण हळूहळू बदलत जाऊ नये यासाठी दर पाच पिढ्यांनी टाकीतून नवी सुरुवात करते, आणि त्यासाठी तिने भ्रूणं साठवली आहेत. वाण जसाच्या तसा हवा असेल तर दुसरा इलाज नाही.

म्हणून माझं मत असं : एकच बदल, प्रमाणित वाण, तोच वाण पुढेही सहज मिळणार, तर शुक्राणू गोठवा आणि पैसे वाचवा. अनेक जनुकं एकत्र आणलेली असतील, वाण दुर्मीळ किंवा मिश्र असेल, मायटोकॉन्ड्रियाच प्रयोगाचा विषय असेल, तर भ्रूणांचा खर्च करा, आणि होमोझायगस असूनही प्रजननक्षम असतील तर आईवडील दोन्ही होमोझायगस निवडा. नर वंध्य होत चालला असेल तर वेळ घालवू नका. न हलणारे शुक्राणूही सूक्ष्म सुईने बीजांडात सोडता येतात, पण ते कौशल्य सगळीकडे नसतं.

पिंजरे बंद करण्याआधी एक स्ट्रॉ वितळवून पाहा. नुसतं हलतायत एवढ्यावर थांबू नका. शुक्राणू असतील तर दोन पेशींचं भ्रूण होतं का ते बघा, भ्रूणं असतील तर पिल्लं जन्मेपर्यंत थांबा आणि त्यांचं जीनोटायपिंग करा. साठा दोन वेगळ्या टाक्यांत, जमल्यास दोन वेगळ्या इमारतींत ठेवा. आणि नोंदीत ‘गोठवलेली’ या शब्दापुढे हे लिहा : शुक्राणू की भ्रूण, नराचा आणि मादीचा जीनोटाइप, बॅकक्रॉसची कितवी पिढी, आणि शुक्राणू असतील तर वितळवताना कोणत्या उपवाणाची बीजांडं वापरायची.